सहावी बाटली

सोलापूर,
शनिवार, २२ नोव्हेंबर २०२५

ती. वेणीमाधवकाकांस,
सा. न. वि. वि.

तुमचा पत्र्याचा डबा काल संध्याकाळी एसटी स्टँडवरून घेऊन आले. हलवला की आतल्या बाटल्या किणकिणतात, त्यामुळे पार्सलवाल्याने आत काय आहे म्हणून विचारले. मी होमिओपॅथीचे औषध म्हटले. दात म्हटले असते तर अजून तिथेच जबाब देत उभी असते.

दातांबद्दल कॉलेजतर्फे आभार. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना कोरायला आणि भरायला शिकायचे तर खरे, काढलेले दात लागतात, आणि ते मागत ही मुले गावभर दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवतात. मिळतात ते बहुतेक किडून पोखरलेले. मंगळवेढ्याचा डबा आला की मात्र सगळी माझ्या टेबलाभोवती. सहा वर्षे पाहते आहे, तुमच्या डब्यात दोन-चार दात अगदी निरोगी निघतात. मुलांनी त्यांना आजोबांचे दात असे नाव ठेवले आहे, ते तुमचे स्वतःचे नव्हेत हे नव्या मुलांना दर वर्षी समजावून सांगावे लागते. गेल्या वर्षीच्या रिकाम्या बाटल्या परत पाठवत आहे. लेबलावर पेशंटचे नाव लिहू नये असे मी दर वर्षी सांगते आणि तुम्ही दर वर्षी लिहिता, म्हणून यंदा सांगत नाही.

आता बातमी. तोंडाच्या आणि चेहऱ्याच्या वेदना या विषयाला परदेशात काही वर्षांपूर्वी दंतवैद्यकाची स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता मिळाली. आमचे प्राचार्य शिवलिंगप्पा सर कुठल्याशा परिषदेत ते ऐकून आले. आपल्या अभ्यासक्रमात येईल तेव्हा येईल, आपण बारा तास तरी शिकवू, असे त्यांनी ठरवले. ते ठरताच विभागातल्या सगळ्यांना एकदम दुसरी कामे आठवली आणि विषय माझ्या गळ्यात पडला. अंतिम वर्षाला, शनिवारी दुपारी तीन वाजता. पहिल्या तासाला अकरा जण होते. त्यांतल्या एकाने हे परीक्षेला आहे का असे विचारले. नाही म्हटले, तर दुसऱ्या तासाला दहा आले.

मला पुस्तकातल्या केसेस सांगून त्यांना झोपवायचे नाही. दात दुखतो म्हणून आलेला, पण दुखणे दाताच्या हिशेबात न बसणारा असा कोणी पेशंट तुमच्या पंचेचाळीस वर्षांत आला असेल तर लिहून पाठवा. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि स्टाफरूममध्ये मला ओरडता येत नाही, तेव्हा पत्रच बरे.

काकूंना नमस्कार. लोभ आहेच, तो आणि दात, दोन्ही येत राहू द्यावेत.

आपली,
भार्गवी


मंगळवेढा,
२ डिसेंबर २०२५

चि. भार्गवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचले. रिकाम्या बाटल्याही पोचल्या, त्या कपाटात वर्षवार लावून ठेवल्या. नाव लिहिले नाही तर मला कसे कळणार कोणाचा कोणता दात कधी काढला? तुमच्याकडे कॉम्प्युटर आहेत, माझ्याकडे बाटल्या आहेत.

तुझ्या नव्या शाखेची गंमत वाटली. आमच्या वेळी दात हा एकच विषय होता. मग मुलांच्या दातांचा वेगळा झाला, हिरड्यांचा वेगळा, मुळांचा वेगळा, आणि आता नुसत्या दुखण्याचाही वेगळा. उद्या भीतीची शाखा निघाली तर मला कळव, ती मी शिकवीन. खुर्चीत बसून रडणारे पैलवान मी पाहिले आहेत.

दाताच्या हिशेबात न बसणारे दुखणे माझ्याकडे येत नाही. येते ती दाढदुखी, आणि ती मी काढतो. पण तुला केसच हवी असेल तर रंभाबाईची घे. इथून दहा-बारा किलोमीटरवरच्या वाडीतली, साठीची बाई, घरची ज्वारीची शेती. २०१९ साली उजवी खालची शेवटची दाढ धरून आली. दिसायला दाढ चांगली, पण चांगला दिसणारा दातही आतून लबाड असू शकतो. काढली, कळ बंद. वर्षभराने कळ पुढच्या दाढेत. ती काढली, पुन्हा बंद. एकदा तर दोन वर्षे सुखात होती. मागून पुढे असे करत करत पाच दात झाले आणि पाचही वेळा गुण आला. पाचवा तुला परवाच पाठवलेल्या डब्यात आहे, नाव वाचून काढ. मुलांना दाखव आणि निदान कसे असते ते सांग.

आता सुळ्याची पाळी आहे. लगेच ये म्हटले तर म्हणाली की आत्ता पाखरं राखायची हायती, संक्रांत झाली की येते. १९ जानेवारी दिली आहे. माझी रीत तुला ठाऊक आहे, तारीख दिली की त्याच दिवशी बाटलीला लेबल लावून ती खिडकीत मांडतो. बाटली मांडली की मी विसरत नाही आणि पेशंट पळत नाही. रंभाबाईची सहावी बाटली मांडून ठेवली आहे. सुळ्याचे मूळ लांब असते, तुझ्या मुलांना आवडेल.

बाई मात्र विक्षिप्त. धुळाप्पा माझ्याकडे तीस वर्षे कंपाउंडर आहे, पण पंख्याचे बटण त्याने दुसऱ्या कोणासाठी इतक्यांदा दाबलेले नाही. ती दारात दिसली की तो आधी पंखा बंद करतो, मग मे महिना का असेना. चालू असेल तर ती उजव्या गालाला पदर धरून उंबऱ्यातच उभी राहते. बाकीचे पेशंट घामाघूम होतात आणि तिच्या नावाने बोटे मोडतात.

तुझ्या काकूने शेंगाचटणी केली आहे. धुळाप्पाचा भाचा सोलापूरला येईल त्याच्याबरोबर पाठवते म्हणाली. जपून राहा, आणि या दोन म्हाताऱ्यांची आठवण डबा आल्यावरच काढू नकोस.

तुझा,
वेणीमाधवकाका


सोलापूर,
१४ डिसेंबर २०२५

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

शेंगाचटणी मिळाली. स्टाफरूममध्ये उघडण्याची चूक केली, आता निम्मीच उरली आहे.

रंभाबाईंची बाटली काढली. काल तासाला तो दात वर्गात फिरवला, नाव झाकून, आणि त्याला काय झाले आहे ते ओळखा असे सांगितले. दहाही जणांनी भिंगातून पाहिला, एक्स-रे काढला. कीड नाही, तडा नाही, मूळ स्वच्छ. शेवटी अंकिता नावाची मुलगी म्हणाली की मॅडम, याला काहीच झालेले नाही, मग काढला कशाला?

काका, सहा वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता. मला चांगले दात हवे होते आणि ते मिळत होते. चांगले दात तोंडातून बाहेर कसे येतात हे मी, याच विषयाची मास्तरीण, एकदाही विचारले नाही.

एक गोष्ट मात्र त्या दातावर होती. गालाकडच्या बाजूला कीटण जाड चढले आहे. म्हणजे त्या बाजूला ना ब्रश लागत होता ना मिश्रीचे बोट. बाई उजवीकडे हात लावत नसणार. आणि मग तुमच्या पत्रातला पंखा. ती तो का बंद करायला लावते, हे तिला कोणी विचारले आहे का?

मला जे वाटते ते सरळ लिहिते. हे दुखणे दाताचे नसावे, चेहऱ्याच्या नसेचे असावे. वारा लागला, तोंड धुतले, घास चावला की एकाच बाजूला वीज गेल्यासारखी कळ, काही सेकंद, आणि मग काही नाही. पेशंट दातावर बोट ठेवतो, कारण कळ तिथेच जाणवते. या दुखण्याची खोड अशी की ते आपले आपणच थांबते आणि महिनोन्महिने, कधी वर्ष-दोन वर्षे येत नाही. दात काढला तरी थांबते आणि नाही काढला तरी थांबते. पाच वेळा गुण आला तो कशाचा, हे तुम्हाला मी सांगायला नको.

माझे चुकत असेल. न पाहिलेल्या पेशंटबद्दल बोलू नये हे मी मुलांना शिकवते आणि स्वतः तेच करते आहे. पण १९ तारखेला सुळा काढू नका. आधी तिला माझ्याकडे पाठवा, मी इथल्या मेंदूच्या डॉक्टरांना दाखवते. औषध आहे, आणि बहुतेकांना लागू पडते.

रागावू नका. रागावलात तरी लोभ काढून घेऊ नका.

आपली,
भार्गवी


मंगळवेढा,
२४ डिसेंबर २०२५

चि. भार्गवीस,
आशीर्वाद.

पत्र मिळाले.

पंचेचाळीस वर्षांत माझ्या दवाखान्यातून कोणी विव्हळत बाहेर पडलेले नाही. रंभाबाई पाच वेळा रडत आली आणि पाच वेळा हात जोडून गेली. दहा मुलांनी एका दाताकडे भिंगातून पाहिले म्हणून मी खोटा ठरत नाही. तू तुझ्या खोलीत बसून माझ्या खुर्चीतल्या बाईचे निदान करतेस, हे तुझ्या नव्या शाखेत बसत असेल.

१९ तारीख दिली आहे, ती दिली आहे.

पुढच्या वर्षीपासून दात दुसरीकडून मिळतात का ते पाहावे.

वेणीमाधव


मंगळवेढा,
४ जानेवारी २०२६

चि. भार्गवी हिस,
मालतीकाकूचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र ह्यांना न सांगता लिहिते आहे, पोस्टातही धुळाप्पाच टाकणार आहे. तेव्हा उत्तरात माझं नाव घेऊ नकोस. एवढ्या वर्षांत चोरून काही केलं नव्हतं, ते तुझ्यापायी करायला लागलं.

तुझ्या काकांनी तुला लिहिलेलं ते आखूड पत्र मी वाचलं. टाकू नका म्हटलं, पण माझं म्हणणं ह्यांना ऐकू येत नाही आणि आलं तरी ऐकू येत नाही. पत्र टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी कपाटातल्या सगळ्या बाटल्या खाली काढल्या. त्यांतून रंभाबाईच्या नावाच्या चार निवडल्या आणि जेवणाच्या टेबलावर ओळीनं लावल्या. पहिली शेवटची दाढ, मग तिच्या पुढची, मग तिच्या पुढची. सगळ्या उजव्या, सगळ्या खालच्या. मी आमटी कुठं ठेवू म्हणून विचारलं तर ताट हातात घेऊन जेवले. बाटल्या अजून तिथंच आहेत.

नंतर माळ्यावरची कॉलेजची पुस्तकं काढायला लावली. या वयात शिडीवर चढू नका म्हटलं तर धुळाप्पाला चढवला, जसा काही तो तरुण आहे. एका जाड पुस्तकातलं एक पान उघडून ठेवलंय. त्यात चार ओळींच्या खाली पेन्सिलीनं रेघ आहे. मला इंग्रजी वाचता येतं पण त्यातलं कळत नाही. ह्यांना विचारलं तर पुस्तक मिटून घेतलं.

धुळाप्पा म्हणतो की दवाखान्यात पेशंट नसला की साहेब नुसते पंख्याकडे बघत बसतात. त्यानं आणखी एक सांगितलं. नोव्हेंबरात तारीख घ्यायला आली तेव्हा रंभाबाई काकुळतीला येऊन म्हणाली होती की दागदर, उजवीकडचं सगळंच काढा की एकदाच, मला ही कळ आता सोसवत न्हाय. तेव्हा ह्यांनी हसून नाही म्हटलं होतं, एकेक करून काढू म्हणाले. आता तेच आठवून रात्रभर कूस बदलतात.

तू आता त्यांना परत शास्त्र लिहू नकोस, भार्गवी. शास्त्र त्यांना कळलंय, म्हणून तर गप्प आहेत. आतापर्यंत दागदर, दागदर म्हणून हात जोडणाऱ्या बाईला काय सांगायचं, ते त्यांना सुचत नाहीये. सुचलं नाही तर हट्टानं सुळा काढून मोकळे होतील. मी ओळखते ना ह्यांना.

संक्रांतीला तिळगूळ पाठवीन. या काकूवर माया ठेव आणि हे पत्र फाडून टाक.

तुझी,
मालतीकाकू


सोलापूर,
८ जानेवारी २०२६

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

या पत्रात शास्त्र नाही.

गड्ड्याच्या जत्रेची तयारी सुरू झाली आहे. निम्मे रस्ते अडलेले असतात आणि मुलांचे लक्ष पाळण्यांकडे. मागच्या तासाला सात जण होते. अंकिता तास संपल्यावर थांबली. तिने आपले जुने प्रॅक्टिकलचे जर्नल आणले होते. दुसऱ्या वर्षाला असताना तिने आजोबांच्या दातांपैकी एक दाढ कोरली होती. दात घेताना मुले बाटलीच्या लेबलावरचे जर्नलात उतरवून घेतात. तिने लिहिले होते, रंभाबाई, उजवी खालची, २०२३. वीसपैकी अठरा मार्क. खाली सही माझी.

म्हणजे ही चूक तुमच्या एकट्याची नाही. तुम्ही दात काढलेत, मी तो वाटला, त्याच्यावर मार्क दिले आणि पुढच्या वर्षी अजून मागितले. मला याची लाज वाटते, आणि तुम्हाला मागचे पत्र लिहिताना ती तितकीशी वाटली नव्हती, याची जास्त वाटते.

म्हणून आता काढू नका असे मी म्हणत नाही. पेशंट तुमचा आहे, हात तुमचा आहे. एवढेच करा. १९ तारखेला सुई टोचण्याआधी तिला तीन गोष्टी विचारा. तोंड धुताना काय होते, ब्रश करताना काय होते, वारा लागल्यावर काय होते. उत्तर काहीही आले तरी ठरवायचे तुम्हीच.

डबा नाही आला तरी चालेल. पत्र येत राहावे, एवढीच मागणी आहे.

आपली,
भार्गवी


मंगळवेढा,
२१ जानेवारी २०२६

चि. भार्गवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रंभाबाई १९ तारखेला साडेदहा वाजता आली. बरोबर सून होती. धुळाप्पाने सवयीने पंखा बंद केला. ती खुर्चीत बसल्यावर मी त्याला पंखा लावायला सांगितला. त्याने दोनदा विचारून खात्री केली, कारण ऐकू न येणारा मी आहे, तो नव्हे.

पहिला झोत आला आणि बाई उजवा गाल धरून खुर्चीतून खाली घसरली. आठ सेकंद, मी घड्याळ पाहिले. मग काहीच नाही, नुसते डोळ्यांतून पाणी. मी स्वतः उठून पंखा बंद केला. तुझे तीन प्रश्न विचारावे लागले नाहीत. पंचेचाळीस वर्षांत माणसाला मुद्दाम दुखवले ते एवढे एकदाच. बाकीचे पाच वेळा न कळता दुखवले होते.

मग मी तिला सांगितले. तुझे दुखणे दाताचे नाही, नसेचे आहे, माझे निदान पाच वेळा चुकले. माझे मलाच ऐकू येत नसल्याने मी बहुतेक मोठ्याने बोललो असणार, कारण बाहेरचे पेशंट दारात येऊन उभे राहिले.

तिने माझ्या कानाशी येऊन विचारले की मग त्ये पाच दात चांगलं हुतं व्हय. मी हो म्हटले. कुटं हायती, असे विचारले. सोलापूरला पाठवले, शिकणाऱ्या मुलांनी कोरले, असे सांगितले. ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला बरे वाटले असते. तिने पदराने तोंड पुसले, फक्त डावी बाजू, आणि म्हणाली की मला बगायचं हायती.

सुळा मी काढला नाही. ती मात्र तो काढाच म्हणून बसली होती, कारण कळ खरी आहे आणि माझ्या शब्दावर आता तिने का विश्वास ठेवावा? सोलापूरला भार्गवीकडे जा, औषध मिळेल, असे सांगितले. आधी दात दाखवणार असाल तर येते म्हणाली. ते कबूल करून बसलो आहे. आता ते शोधणे तुझ्याकडे.

आणखी एक. आम्हाला हे शिकवलेच नव्हते असे तुझ्या मुलांना सांगू नकोस. माझ्या जुन्या पुस्तकात या दुखण्यावर अर्धे पान आहे आणि त्याखाली माझ्याच पेन्सिलीची रेघ आहे. परीक्षेला कधी आले नाही, म्हणून पान उलटले. हे परीक्षेला आहे का, असे विचारणाऱ्या तुझ्या त्या मुलाला माझा निरोप दे.

मागचे पत्र मी लिहायला नको होते. माझा राग ओसरला, तुझाही ओसरावा.

तुझा,
वेणीमाधवकाका


सोलापूर,
१० फेब्रुवारी २०२६

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

रंभाबाई ३१ तारखेला, शनिवारी, सुनेला घेऊन आल्या. एसटीत खिडकीची काच बसत नव्हती, म्हणून सगळा रस्ता सुनेने आपली पिशवी खिडकीला धरून ठेवली होती.

दात शोधायला आम्ही आठवडाभर कपाटे उपसली. पहिले तीन सापडले नाहीत. ती मुले पास होऊन गेली, त्यांनी दात बसवलेले प्लास्टरचे ठोकळे कधीच टाकून दिले असणार. अंकिताचा ठोकळा तिच्या घरी बार्शीला होता, तो तिने वडिलांकडून मागवला. आणि पाचवा दात बाटलीतच होता, त्याला कोणी हात लावलेला नव्हता. पाचांतले दोन, एवढेच मी त्यांच्यापुढे ठेवू शकले.

शनिवार होता, तीन वाजले होते आणि मुले बाहेर थांबली होती. मी त्यांना परत पाठवणार होते, तर रंभाबाईच म्हणाल्या की येऊ द्या की, त्यास्नीच तर दिलंय. वर्ग आत आला. त्यांनी ठोकळा हातात घेतला, कोरलेल्या जागेवरून बोट फिरवले आणि हे कोणी केले असे विचारले. अंकिता पुढे झाली. दात कोरायला कठीण गेला का, असे त्यांनी विचारले. अंकिताने मान हलवून सांगितले की फार कठीण गेला, कोरायच्या यंत्राची दोन टोके मोडली. त्यावर रंभाबाई म्हणाल्या की जाणारच, जवारीच्या भाकरीवरचा दात हाय त्यो. मुलगी रडायला लागली. रंभाबाईंनी तिला गप्प केले नाही, रडू दिले.

मग त्यांनी सगळ्या वर्गाकडे बघून एक विचारले. दागदरांस्नी ह्ये ठावं न्हवतं व्हय? मुले माझ्याकडे पाहू लागली. मला काहीतरी सांगता आले असते, पण ते उत्तर माझे नव्हते, म्हणून ते तुमच्यासाठी ठेवले.

त्याच संध्याकाळी मेंदूच्या डॉक्टरांना दाखवले, एमआरआय केला. निदान तेच. औषध सुरू आहे. औषधाच्या दुकानात ही फिटची गोळी आहे असे कोणीतरी सांगितले, तेव्हा सून घाबरली होती. तीच गोळी नसेची कळही थांबवते, हे तिला बसवून समजावले. सात तारखेला परत आल्या तेव्हा कळ दिवसाला वीस वेळा यायची ती दोन-तीन वेळांवर आली होती. गोळीने पेंग येते अशी तक्रार आहे, आणि ती खरी आहे. दोन्ही दात त्या बरोबर घेऊन गेल्या, अंकिताचा ठोकळासुद्धा.

वर्गात आता त्रेचाळीस जण येतात. शिवलिंगप्पा सरांनी परीक्षेत नसताना इतकी मुले कशी येतात म्हणून विचारले, आणि पुढच्या वर्षी बाराचे चोवीस तास केले. अंकिताने मला विचारले की दात काढणारे डॉक्टर कोण. मी अजून सांगितलेले नाही. ते सांगणे न सांगणे तुमच्या हातात आहे, आणि तुम्ही नाही म्हणालात तरी माझी माया तसूभर कमी होणार नाही.

आपली,
भार्गवी


मंगळवेढा,
२० फेब्रुवारी २०२६

चि. भार्गवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

२८ तारखेच्या शनिवारी तीन वाजता येतो. धुळाप्पाही येणार आहे, पंख्याचे त्याने सांगायचे असे ठरले आहे. रंभाबाईने जे विचारले त्याचे उत्तर मुलांना मीच देईन. मला ठाऊक होते आणि मी ते विसरलो होतो, एवढेच ते आहे. ते सांगायला किती वेळ लागेल कोण जाणे, तू तास पूर्ण मोकळा ठेव. मुलांनी प्रश्न कागदावर लिहून द्यावेत, मला ऐकू येत नाही. माझे नाव फळ्यावर लिही. बाटलीवर लिहीत आलो, तर फळ्यावर का नको?

रंभाबाई काल येऊन गेली. माझ्याकडे तिचे काही काम नव्हते. धुळाप्पा बटणाकडे गेला, तर तिने त्याला राहू द्या म्हणून सांगितले आणि पंख्याखाली बसली. गालावरचा पदर मात्र काढला नाही. वाडीवर हुरडा झाला, तो डावीकडून खाल्ला, एकदा चुकून सुळ्यानेही, असे तिने मला दोनदा सांगितले, कारण पहिल्यांदा मला ऐकू आले नाही. जाताना नेहमीसारखे हात जोडले नाहीत. येते म्हणाली आणि गेली. मला ते बरोबर वाटले.

यापुढे माझ्या डब्यातून किडकेच दात येतील. तुझ्या मुलांना सांग, तक्रार चालणार नाही.

तुझ्या काकूने तुला गुपचूप पत्र लिहिले होते, हे मला त्याच दिवशी कळले होते. तिला सांगू नकोस. आम्हा दोघांवर आहे तेवढाच जीव असू दे.

तुझा,
वेणीमाधवकाका

ता. क. डबा एसटीने वेगळा पाठवत आहे. आत एकच बाटली आहे, वर्गात टेबलावर ठेवायला. लेबल मी काढलेले नाही. रंभाबाई, उजवा खालचा सुळा, १९ जानेवारी. पार्सलवाल्याने आत काय आहे म्हणून विचारले, तर या वेळी खरे सांगता येईल. काही नाही.